बारा संस्था, एक जलवाहिनी: नागपूरलगतच्या सामाईक नळयोजनेचे प्रकरण

या प्रकरणातील गावांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. आकडे गोल केले आहेत, पण त्यांचे आपसातले प्रमाण कायम ठेवले आहे. कोणाला हिशेब ताडून पाहायचा असेल तर पाहता येईल.

पार्श्वभूमी

नागपूर शहराच्या हद्दीबाहेरच्या पट्ट्यात एक नगरपंचायत आणि तिच्या आजूबाजूला अकरा ग्रामपंचायती. नगरपंचायत काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतच होती. शेते जाऊन लेआउट पडले, लोकसंख्या १८,००० झाली आणि दर्जा बदलला. नळ मात्र जुन्या गावठाणापुरतेच राहिले. लेआउटमध्ये ज्याची त्याची बोअरवेल. अकरा ग्रामपंचायतींची मिळून लोकसंख्या २८,०००.

प्रत्येक गावाची स्वतःची नळयोजना होती: एक सार्वजनिक विहीर किंवा विंधन विहीर, पाच-साडेसात अश्वशक्तीचा पंप, एक उंच टाकी. हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. नागपुरात पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी असा खडक तो फार काळ धरून ठेवत नाही. होळीनंतर विहिरी तळ दाखवायला लागतात. मग दरवर्षीचा तोच क्रम: टंचाई आराखडा, खासगी विहिरींचे अधिग्रहण, विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती आणि मे महिन्यात टँकर. नऊ ग्रामपंचायतींत टँकर येतच होता. शिवाय काही विहिरींत नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर गेले होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हीच मर्यादा आहे, आणि उकळून नायट्रेट जात नाही. गावठाणाच्या मधोमध विहीर, शेजारी गोठे आणि शोषखड्डे, असे असताना दुसरे काही निघणेही कठीण होते.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता अडचण पाण्याची होती. पण जिल्ह्यात जलाशय आहेत, नदी आहे, कालवे आहेत. खरी अडचण अशी की जवळचे खात्रीचे पाणी १४ किलोमीटरवर होते आणि तेवढी वाहिनी एकट्या गावाला झेपणारी नव्हती. एकत्र यायचे तर तीन पेच होते.

पहिला कायद्याचा. नगरपंचायत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली, ग्रामपंचायती १९५८ च्या अधिनियमाखाली, जिल्हा परिषद १९६१ च्या. बैठकीला सगळे एका टेबलाशी बसले तरी प्रत्येकाची सही वेगळ्या अधिकाराने होते.

दुसरा पैशाचा. गावांना जलजीवन मिशनमधून निधी, निकष माणशी ५५ लिटर. नगरपंचायतीला तो निधी लागू नाही. तिचा प्रस्ताव नगरविकासाच्या वाटेने. दोन थैल्या, दोन मंजुऱ्या, आणि जमिनीत पाइप मात्र एकच.

तिसरा विश्वासाचा. प्रादेशिक योजना बंद पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच असते: सुरुवातीची गावे टाक्या ओसंडून भरतात, शेवटच्या गावाला हवा येते, शेवटचे गाव पाणीपट्टी थांबवते, मग मधली गावे थांबवतात, वीजबिल थकते, जोडणी कापली जाते. पहिल्याच बैठकीत शेवटच्या गावाच्या सरपंचांनी विचारले ते हेच: ‘आमच्या गावाले पाणी पोचनच याची हमी कोण घेते?’ त्या दिवशी कोणाकडे उत्तर नव्हते. पुढची दोन वर्षे बहुतेक या एका प्रश्नाचे उत्तर लिहिण्यात गेली, असे म्हटले तरी चालेल.

गरजेचा हिशेब

तीस वर्षांनंतरची लोकसंख्या नगरपंचायत ४५,००० आणि गावे ४०,००० धरली. नगरपंचायतीला माणशी १३५ लिटर म्हणजे रोज ६.०८ दशलक्ष लिटर, गावांना ५५ लिटरने २.२ दशलक्ष लिटर. बेरीज ८.२८. वितरणातील गळती १५ टक्के धरून ९.७४ आणि शुद्धीकरण केंद्रात गाळ काढणे, फिल्टर धुणे यात जाणारे पाणी मिळवून १०.१ दशलक्ष लिटर. वर्षाला ३.७ दलघमी (दशलक्ष घनमीटर).

इथे पहिला अडथळा आला. छाननीत प्रश्न विचारला गेला की नगरपंचायतीत भुयारी गटार नाही, तर १३५ लिटर कशाच्या आधारावर? प्रश्न रास्त होता. १९९९ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत १३५ लिटर हे भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरांसाठी होते, इतरांसाठी ७०. नगरपंचायतीचे पदाधिकारी आकडा सोडायला तयार नव्हते, कारण आज कमी मागितले तर उद्या जलाशयातले पाण्याचे आरक्षण वाढवून मिळेलच असे नाही.

तोड अशी निघाली: जमिनीत पुरायचे ते तीस वर्षांच्या हिशेबाने, जमिनीवर बसवायचे ते पंधरा वर्षांच्या. वाहिनी पूर्ण १०.१ साठी. पंप आणि शुद्धीकरण केंद्र पहिल्या टप्प्यासाठी: नगरपंचायत २८,००० लोक, ७० लिटर, गावे ३३,००० लोक, ५५ लिटर. निव्वळ ३.७८, गळती आणि केंद्रातला खर्च धरून ४.६ दशलक्ष लिटर. म्हणून पाच-पाच दशलक्ष लिटरचे दोन भाग आखले आणि एकच बांधला. दुसऱ्याची जागा आणि जोडणीची तोंडे सोडून ठेवली. पाणी आरक्षणही टप्प्याने मागितले, आधी १.७ दलघमी. लाभक्षेत्रातील, म्हणजे त्या जलाशयाच्या पाण्यावर शेती भिजवणाऱ्या, शेतकऱ्यांचा विरोध त्यामुळे संपला नाही, पण बोलण्याजोगा झाला.

तोलून पाहिलेले पर्याय

महापालिकेकडून शुद्ध पाणी विकत घेणे हा सर्वांत स्वस्त आणि झटपट पर्याय होता. शहराची वाहिनी चार किलोमीटरवर. पण शहर स्वतः पेंच आणि कन्हानवर अवलंबून. मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यावर पेंचचा येवा (धरणात येणारे पाणी) घटला; २०१९ च्या जुलैत नागपुरात दिवसाआड पाणी द्यायची पाळी आली आणि पेंचवरच्या तोतलाडोह धरणाच्या मृत साठ्याला (नेहमीच्या दरवाजांतून न निघणाऱ्या तळाच्या पाण्याला) हात घालावा लागला. अशा वेळी शहर आधी कोणाची तोटी बंद करेल, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘शिल्लक असेल तेव्हा’ याहून पक्का शब्द करारात मिळण्यासारखा नव्हता.

कन्हान नदीवर स्वतंत्र उद्भव (पाणी उचलण्याची जागा) घेणे हा दुसरा. नदी मोठी, पण वाळूउपशाने पात्र खाली जाते आणि जॅकवेलची (उपसा-विहिरीची) तोंडे उन्हाळ्यात उघडी पडतात. पावसाळ्यात गढूळपणा एका रात्रीत अनेक पट चढतो. वरच्या अंगाला औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे बांध आहेत. तिथे काही बिघडले की खालच्या योजनांना उपसा थांबवावा लागतो. शहराचा मोठा व्याप असा दिवस निभावून नेतो. बारा संस्थांच्या छोट्या योजनेकडे दोन दिवसांचाही साठा नसतो.

तिसरा पर्याय एका मध्यम पाटबंधारे प्रकल्पाचा जलाशय. अंतर १४ किलोमीटर, उंचीतील फरक ३५ मीटर. पाणी तुलनेने स्वच्छ. उन्हाळ्यात शेवाळाचा त्रास. राज्याच्या धोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम असल्याने आरक्षणाचा आधार होता.

चौथा, गावोगावच्या विहिरी सुधारून, पुनर्भरण करून भागवणे. काही सदस्यांना हा पर्याय मनापासून पटत होता आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. पण हिशेबात नगरपंचायतीची गरज त्यात बसेना.

निर्णय तिसऱ्याचा झाला, चौथ्याला सोबत ठेवून: एकाही गावाची जुनी विहीर बंद करायची नाही. आणि पहिल्या पर्यायासाठी वाहिनीवर एक टी-जोड बसवून त्यावर आंधळी (छिद्र नसलेली, तोंड बंद करणारी) चकती लावून ठेवली. पुढे कधी शहराशी आणीबाणीपुरती देवाणघेवाण करायची झाली तर रस्ता खोदावा लागू नये.

करार: दोन महिने मतांवर

बाराही संस्थांची मिळून शिखर समिती स्थापायची हे ठरले होते, मते कशी मोजायची हे नव्हते. नगरपंचायतीचा क्षमतेतला वाटा ७३ टक्के, अकरा ग्रामपंचायतींचा मिळून २७. नगरपंचायत म्हणे वाट्याप्रमाणे मत. ग्रामपंचायती म्हणत एक संस्था, एक मत. पहिले मान्य केले तर गावे शोभेची; दुसरे मान्य केले तर तीन चतुर्थांश पैसे देणारा कायम अल्पमतात.

शेवटी दुहेरी कसोटी ठेवली. रोजच्या कामात एक संस्था, एक मत. दर, विस्तार, कर्ज आणि नवीन गावाला जोडणी या चार बाबतींत बारापैकी किमान सात संस्था आणि शिवाय क्षमतेचा दोन तृतीयांश वाटा, दोन्ही हवेत. म्हणजे नगरपंचायतीशिवाय दर वाढत नाही आणि एकट्या नगरपंचायतीच्या जोरावरही वाढत नाही.

खर्चाच्या वाटणीत एक बारकावा वेळेवर लक्षात आला. तीस वर्षांच्या वाट्याने नगरपंचायत ७३ टक्के देणार, पण पहिल्या टप्प्यात तिचा वापर ५२ टक्केच. म्हणून वाहिनीचा भांडवली खर्च ७३:२७, पंप आणि केंद्राचा ५२:४८. महिन्याच्या खर्चाचेही दोन भाग: पगार, दुरुस्ती, विजेचा स्थिर आकार हे राखीव क्षमतेप्रमाणे, पाणी घ्या किंवा न घ्या, विजेची युनिटे आणि रसायने मीटरप्रमाणे. स्थिर भाग ठेवला नसता तर पाऊस चांगला झालेल्या वर्षी गावांनी विहिरीच वापरल्या असत्या आणि पगाराचा बोजा उरलेल्यांवर पडला असता.

हद्दीचे कलमही घातले. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये नागपूर महापालिकेत आले. या पट्ट्यातील कुठलेही गाव उद्या नगरपंचायत होऊ शकते किंवा शहरात जाऊ शकते. तसे झाले तर वाटा, देणी आणि हक्क उत्तराधिकारी संस्थेकडे जातील, असे स्पष्ट लिहिले.

कामाचे टप्पे आणि सापडलेल्या चुका

सामाईक कामे एकाच निविदेत, एकाच यंत्रणेकडून आणि दोन्ही निधी ठेव म्हणून तिच्याकडे जमा, असा निर्णय घेतला. मंजुऱ्यांमध्ये सात महिन्यांचे अंतर पडले. गावांचा निधी आधी आला. त्या काळात फक्त गावांतर्गत कामे सुरू केली. मुख्य वाहिनी अर्धी टाकून ठेवण्याचा मोह टाळला, हे बरे झाले: उघडे टोक, त्यात शिरणारी माती, चोरीला जाणारे पाइप, यांवर तो पैसा गेला असता.

वाहिनी ४५० मिमी व्यासाची, डक्टाइल आयर्नची (न तडकणाऱ्या बिडाची). काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि जुन्या ठिसूळ पाइपांचे सांधे उखडते. म्हणून रबरी रिंगचे सांधे आणि खाली मुरुमाची गादी. खोदाईपेक्षा जास्त वेळ रेल्वेखालून पाइप ढकलण्याची आणि महामार्ग ओलांडण्याची परवानगी मिळवण्यात गेला.

पंपाची चूक निविदेआधी सापडली, नशिबाने. पूर्ण १०.१ दशलक्ष लिटर २० तासांत ढकलायचे तर सेकंदाला १४० लिटर. त्या प्रवाहाला १४ किलोमीटरमध्ये घर्षणात सुमारे २० मीटर दाब जातो. उंची ३५, घर्षण २०, इतर ५, एकूण ६० मीटर. मसुद्यात याच ६० मीटरचे पंप लिहिले होते. पण पहिल्या टप्प्यात प्रवाह अर्धा, आणि प्रवाह अर्धा झाला की घर्षण अर्धे होत नाही, जवळपास पाव होते: साडेपाच मीटर. गरज ४६ मीटरची. तिथे ६० चा पंप लावला की तो आखल्यापेक्षा जास्त पाणी ओढतो, मोटरवर भार येतो, आणि चालक व्हॉल्व्ह आवळून पंप ‘सांभाळतो’. त्या आवळलेल्या व्हॉल्व्हमध्ये दर महिन्याला वीज जळते. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला सुमारे ०.००४ युनिट लागते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १४ मीटर रोज, पंधरा वर्षे फुकट उचलायचे म्हटल्यावर वाटत नाही.

उद्भवाची चूक मात्र उशिरा सापडली. उपसा-विहिरीचे सर्वांत खालचे तोंड जलाशयाच्या मृत साठ्याच्या पातळीपेक्षा १.८ मीटर वर होते. पावसाळा लांबला तर आरक्षण कागदावर शिल्लक आणि पाणी तोंडाच्या खाली, असे झाले असते. जलाशय उतरलेला असताना चर खोदून एक तोंड खाली घेतले. शिवाय तराफ्यावरच्या पंपासाठी जोड ठेवला.

शेवटच्या गावाच्या प्रश्नाचे उत्तर

टेकाडावरच्या मुख्य संतुलन टाकीतून पुढे सगळे पाणी उताराने जाते. पहिल्या गावाच्या फाट्यावर (मुख्य वाहिनीतून गावाकडे फुटणाऱ्या पाइपवर) २५ मीटर दाब शिल्लक. त्या २,४०० लोकांच्या गावाचा हक्क रोज १.३२ लाख लिटर, २० तासांत भरायचे तर सेकंदाला १.८ लिटर. फाटा १०० मिमीचा, अर्धा किलोमीटर. तो मोकळा सोडला तर सेकंदाला पंधरा लिटरहून जास्त ओढू शकतो, म्हणजे हक्काच्या आठपट. यात गावाची बदमाशी काही नाही. पाणी दाब पाहते, ठराव वाचत नाही.

त्यामुळे प्रत्येक फाट्यावर प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह, प्रत्येक टाकीत ती भरली की बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह आणि फाट्याच्या तोंडाशी विद्युतचुंबकीय मीटर. मीटर आधी टाकीजवळ आखले होते. ते फाट्यावर आणले, कारण फाटा ते टाकी हा तुकडा नाहीतर कोणाच्याच मालकीचा राहत नाही आणि गळतो तो नेमका तिथेच. मीटरच्या आधी व्यासाच्या पाचपट आणि नंतर तिप्पट सरळ पाइप ठेवला. मीटरचा खड्डा पावसात भरतो हे गृहीत धरून पाण्याखाली चालणारे संवेदक घेतले. वाचन महिन्याच्या एक तारखेला, गावाचा माणूस आणि योजनेचा माणूस मिळून, फोटो लगेच गटावर.

एअर व्हॉल्व्हचा मुद्दा कोणत्याच नकाशात नव्हता. ४५ अंशांच्या उन्हात गुरे तहानलेली असतात. वाहिनीवरचा एअर व्हॉल्व्ह (आतली हवा बाहेर सोडणारा) सैल केला की डबके तयार होते. पहिल्या उन्हाळ्यात असे पाच व्हॉल्व्ह सैल सापडले. कुलपे लावली, तुटली. शेवटी दोन ठिकाणी योजनेनेच मीटरसह गुरांचे हौद बांधले आणि तिथला त्रास थांबला.

निष्पत्ती

पहिल्या पूर्ण उन्हाळ्यात टँकर नऊऐवजी दोन ग्रामपंचायतींत लागला. त्या दोन्हींत फाट्यावर हक्काचे पाणी पोचत होते हे मीटरने दाखवले. ते गावातच जिरत होते. रात्री दोन ते चार टाकीत येणारे पाणी बंद ठेवून, गावाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पातळी मोजली. सात मीटर व्यासाच्या टाकीत तासाला १० सेंटिमीटर उतार म्हणजे ३,८५० लिटर, गाव झोपलेले असताना. जुन्या जोडण्यांच्या अकरा ठिकाणी गळती निघाली. मीटर नसता तर हा दोष वरच्या गावांवर गेला असता आणि योजनेची जुनीच गोष्ट सुरू झाली असती.

क्लोरीनचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. मोठ्या वाहिनीत अर्धाच प्रवाह असल्याने पाणी फक्त मुख्य वाहिनीतच नऊ तास राहते. मे महिन्यात शेवटच्या तीन टाक्यांत शिल्लक क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली येई. तिथे टाकीवरच थोडी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर देणे सुरू केले: एक लाख लिटर पाण्यात क्लोरीन लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम वाढवायचे तर २५ टक्के क्लोरीन असलेली पावडर २०० ग्रॅम. पण पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पोत्यातले क्लोरीन उन्हाळ्यात झपाट्याने उडते, त्यामुळे मोजून घातलेले २०० ग्रॅमही पुरत नसत. लहान पोती, सावलीची खोली आणि पंधरवड्याला तपासणी, एवढे केल्यावर फरक पडला.

वसुली दुसऱ्या वर्षी अडखळली. दोन ग्रामपंचायतींनी सलग तीन तिमाह्या भरणा केला नाही. करारात तीन महिन्यांची आगाऊ ठेव होती, ती संपली. त्यानंतरचे पाऊल होते पाणी न तोडता नियंत्रक व्हॉल्व्ह आवळून पुरवठा निम्म्यावर आणणे. पण ते समितीच्या ठरावावर सोडले होते आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका तोंडावर होत्या. ठराव तीनदा पुढे ढकलला गेला. जोडणी कापली जाऊ नये म्हणून नगरपंचायतीने दोन महिने पूर्ण वीजबिल भरले आणि नंतर व्याजासह मागितले. व्याजाचा वाद अजून मिटलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

थकबाकीनंतरची कपात ठरावावर ठेवायला नको होती. ठेव संपल्यापासून ठरावीक दिवसांनी व्हॉल्व्ह आपोआप आवळला जाईल आणि तो उघडण्यासाठी ठराव लागेल, असे उलटे लिहिले असते तर कोणालाही शेजारच्या गावाविरुद्ध हात वर करावा लागला नसता. ठेवही गावनिहाय वेगळ्या खात्यात हवी होती. एकत्र ठेवल्याने नियमित भरणाऱ्यांचे पैसे थकवणाऱ्यांच्या बिलात गेले आणि ते कळायला दोन महिने लागले.

गावांतर्गत गळतीची तपासणी पाणी येण्याआधी करायला हवी होती. जुन्या विहिरींच्या पाण्यावर ती सहज झाली असती. खर्चही किरकोळ: एक मोजपट्टी, दोन माणसे, एक रात्र.

लाभक्षेत्रातील पाणीवापर संस्थांना आरक्षणाचा अर्ज गेल्यावर बोलावले, आधी नाही. कालवा सल्लागार समितीत त्यांचा विरोध पाण्याच्या प्रमाणापेक्षा या वागणुकीला जास्त होता. आता १५ ऑक्टोबरच्या साठ्याचा आकडा आला की शिखर समितीचे दोन सदस्य त्यांच्या बैठकीला जातात आणि वर्षभराचे उपशाचे मीटरवाचन सोबत नेतात.

टी-जोडावरची चकती अजून तशीच आहे. शहराशी आणीबाणीच्या कराराचा मसुदा तयार आहे. कोणत्या दराने आणि कोणी आधी मागितल्यावर, एवढ्या दोन ओळी भरायच्या बाकी आहेत.